पाठ टेकण्यापुरते

परवा दुपारी नौपाड्यातल्या एका गल्लीत शिंप्याकडे गेलो, तर शटर अर्धे खाली ओढलेले होते आणि आत कापड बेतायच्या टेबलावर तो गळ्यातली टेपही न काढता गाढ झोपला होता. त्याला उठवणे जिवावर आले आणि मी परत फिरलो. खरे सांगायचे तर मला त्याचा हेवा वाटला, कारण भर दुपारी इतक्या उघडपणे झोपणे आमच्या घरात कुणालाच कधी जमले नाही.

आजी ‘जरा पाठ टेकते’ म्हणून आडवी होई, तीही उशाशी तांदळाचे सूप ठेवूनच. कुणाची चाहूल लागली की डोळे उघडण्याआधी तिचा हात सुपात जाई आणि ती खडे निवडू लागे. वडिलांच्या तोंडावरचे वर्तमानपत्र घोरण्याच्या तालावर वरखाली होत असे, तरी विचारल्यावर ते अग्रलेख वाचत असत. दुपारी दोन ते चारच्या सुमारास येणारी ही पेंग केवळ भाताची करणी नसते. शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळातच तो उतार असतो आणि जेवण चुकवले तरी तो येतो. आजीला हे ठाऊक असते, तर आमच्या घरचे तांदूळ एवढे निर्मळ झाले नसते.

लोकलमध्ये मात्र सबब लागत नाही. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेच सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर आज धीम्या गाडीने कापताना चौथ्या सीटवर निम्मे अंग बाहेर असलेला माणूसही निर्धास्त झोपतो, कारण तिथे त्याला कुणी दुसरे काम सांगू शकत नाही. घरी आल्यावर तोच माणूस सोफ्यावर मोबाइल हातात धरून बसतो. मोबाइल हे आमच्या पिढीचे सूप. तो बाजूला ठेवून नुसते डोळे मिटले, की ‘बरं वाटत नाहीये का?’ असा प्रश्न येतो.

मग चहा. जागेपणी मेंदूत साचत जाणारे अ‍ॅडेनोसिन झोपेची जाणीव करून देते आणि कॅफीन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. शिवाय घेतलेल्यापैकी निम्मे कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या चहाचा अर्धा कप रात्री दहालाही जागाच असतो. तरीही पाच वाजता मी आधण ठेवतोच, कारण ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाची तब्येत कुणी विचारत नाही.