अर्ध्या मिलिमीटरसाठी १९ दिवस

हेडचं फेसिंग (इंजिनाच्या डोक्याचा तळ घासून सपाट करणं) केल्यापासून माझी करिझ्मा बाईक खालच्या आरपीएमला ओढेना. हेड घासलं की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) जवळ येतो, दोघांमधली सुटलेली चेन टेन्शनर ओढून घेतो आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, मागे पडतं. त्यात चेनही जुनी. डिग्री व्हील (क्रँकवर बसवायची अंशांची चकती) लावून मोजलं, तर इनटेक लोबचा (इनटेक व्हॉल्व्ह दाबणाऱ्या कॅमच्या उंचवट्याचा) मध्य टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तिथून, ११० अंशांवर. मला १०६ हवा होता. दोघं बसून चोर्ला घाट चढायचा तर टायमिंग थोडं पुढेच बरं.

दात बदलून हे जमत नाही. कॅमच्या ३४ दातांच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या चाकावर) एक दात म्हणजे क्रँकचे तब्बल २१ अंश. म्हणून स्प्रॉकेट कॅमला धरणाऱ्या बोल्टची भोकं लांबट करायची. क्रँकचे ४ अंश म्हणजे कॅमचे २. भोक केंद्रापासून १५ मिमीवर, म्हणजे सरकायचं जेमतेम अर्धा मिलिमीटर.

तेवढ्यासाठी स्प्रॉकेट म्हापशातल्या एका लेथवाल्याकडे दिलं. "फाल्यां (उद्या) या, बाब." तिसऱ्या दिवशी गेलो, तर पंपाच्या शाफ्टांखाली माझी पुडी जशीच्या तशी, सुतळीची गाठही सुटलेली नाही. मग चवथ (गणेशचतुर्थी) आली, शटर बंद. चवथीनंतर मिलिंगवाला गावाहून परतेना. डिचोलीहून पाच खेपा झाल्या, त्यातल्या तीन भर पावसात. इकडे इंजिन उघडं. गंज धरू नये म्हणून रोज संध्याकाळी कॅमला तेल चोळायचो, वर प्लास्टिक बांधायचो. राग यायचा तो कामाच्या आकारामुळे. महिनाभराचं काम असतं तर मी तोंड उघडलं नसतं.

१९व्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. स्प्रॉकेटवर सुईने रेघा मारून दिल्या, कुठल्या बाजूला किती ते दाखवलं आणि स्टुलावर बसून राहिलो. वीस मिनिटांत काम हातात! तुम्हीही तसंच करा. वस्तू ठेवून घरी येऊ नका.

बाकी जोडणी एका दुपारची. मोजण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) नीट लावा, हे आधीच सांगायला हवं होतं. टीडीसी फ्लायव्हीलच्या खुणेवरून धरू नका. पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा खिळ) लावून क्रँक दोन्ही बाजूंनी फिरवा आणि दोन आकड्यांचा मध्य घ्या. स्टॉप असताना सेल्फ मारायचा नाही, हातानेच फिरवायचं. लोब मोजताना मात्र क्रँक एकाच दिशेने, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात घुसतो. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, म्हणून पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापून दोन फेऱ्या फिरवा आणि ती कापून जाडी बघा. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी मी ठेवत नाही. लांबट भोकांत बोल्ट सरकू शकतो, तेव्हा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) हवाच.

पहिल्या रविवारी बायकोला मागे बसवून साखळीवरून चोर्ल्याला गेलो. ज्या वळणावर दुसरा गिअर टाकावा लागायचा, ते तिसऱ्यात चढलो. वरच्या आरपीएमला किंचित कमी पळते, ते मला चालतं.