तुम्ही विचारलंत म्हणून: पागाचं शिसं घरी ओतायचं तर

रविवारी ओहोटी बघून पाग (फेकून मासे धरायचं गोल जाळं) घेऊन ठाण्याच्या खाडीत विटाव्याच्या बाजूला उतरलो की परतताना कोणीतरी थांबवतंच. बहुतेक वेळा घोडबंदरच्या सोसायट्यांतली, गळ घेऊन येणारी तरुण मंडळी असतात. पागाच्या काठाची शिसं चाचपून बघतात आणि विचारतात, "ही तुम्ही घरी ओतता? आम्हाला करायचं तर स्वस्तात सुरुवात कशी करायची?" चिखलात उभ्या उभ्या मी अर्धवट काहीतरी सांगतो आणि मग आठवडाभर मनाला लागून राहतं. कारण या कामात अर्धं ऐकून घरी गेलेला माणूस स्वतःला भाजून घेऊ शकतो, नाहीतर घरातल्या लेकराच्या पोटात विष घालू शकतो. म्हणून आज सगळं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. परदेशात ठासणीच्या बंदुकींचे शौकीन स्वतःच्या गोळ्या स्वतः ओततात, त्याचे व्हिडिओ बघून काही जण त्याबद्दलही विचारतात. धातू तोच, मऊपणाही तसाच लागतो, पण आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. मी ओततो ती जाळ्याची आणि गळाची वजनं, आणि लिहितोय तेही तेवढ्यापुरतंच.

सामानाला खरोखर फार पैसे लागत नाहीत. जुन्या बाजारातून जाड बुडाची एक लोखंडी कढई आणली, लोखंडाचीच लांब दांड्याची पळी आणली. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मात्र नको. ते तापलं की नरम पडतं आणि शिशाचं वजन त्याला पेलत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साधी एका बर्नरची शेगडी पुरते. ती विटांवर अशी बसवायची की लाथ लागली तरी हलू नये. साचा विकत घ्यायची गरज पहिल्या दिवशी तरी नाही. मी हातभर लांबीचा लोखंडी अँगल घेतला आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन्ही टोकांना पत्र्याचे तुकडे वेल्ड करून घेतले. झाली पन्हळ. अँगल काळ्या लोखंडाचा घ्या, जस्ताचा मुलामा दिलेला नको. कढई, पळी आणि अँगल एकदा या कामाला लागले की ते कायमचे या कामाचेच. पळी घासून परत स्वयंपाकघरात नेली असं एकदाही होता कामा नये.

पैसे वाचवायला जाऊ नये ते शिसं निवडताना. पागाच्या शिशाला मऊपणा हवा, कारण त्याची पट्टी काठाच्या दोरीभोवती गुंडाळून ठोकायची असते. अँटिमनी (शिशाला कडक करणारा धातू) मिसळलेलं कडक शिसं वळवताना तडकतं. मऊ शिसं सगळ्यात सोपं मिळतं ते आपल्याच फाटक्या पागांतून. त्यानंतर जुन्या इमारतींतून. ठाण्यात रिडेव्हलपमेंटला गेलेल्या जुन्या चाळींतले बिडाचे मोठे पाइप बघा, त्यांचे सांधे शिसं ओतून भरलेले असत. ते शिसं भंगारवाल्याकडे वेगळं ठेवलेलं सापडतं. जुन्या केबलवरचं शिशाचं आवरणही चांगलं. परीक्षा सोपी आहे: नखाने ओढलं की चरा उमटतो, कागदावर घासलं की पेन्सिलीसारखी करडी रेघ येते, फरशीवर टाकलं तर खणखणत नाही, धप्प वाजतं. गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगला लावतात ती वजनं जरा कडक असतात. गळाच्या ओतीव वजनांना ती चालतात, पागाला नाही. त्यात हल्ली जस्ताचीही वजनं मिसळलेली असतात. जस्त वितळायला जवळपास ४२० अंश लागतात, शिवाय ते शिशाहून हलकं, त्यामुळे आच बेताची ठेवली तर ते तुकडे रसावर तरंगत राहतात. चिमट्याने उचलून टाकायचे. चुकून विरघळले तर सगळा रस दह्यासारखा दाट होतो आणि धड ओतला जात नाही.

आणि बॅटरी. भंगारवाला हमखास म्हणतो, "साहेब, बॅटरीच्या प्लेटा घ्या, निम्म्या भावात." घेऊ नका. त्या प्लेटांत शिसं कमी आणि त्याचे क्षार जास्त असतात, वर ॲसिड मुरलेलं. प्लेटांच्या आतल्या शिशाच्या जाळीत कॅल्शियम, अँटिमनी, कधी आर्सेनिकही असतं. असल्या शिशाच्या रसावर येणारी मळी काढून कोपऱ्यात ठेवली आणि तिला नुसती ओल लागली तरी आर्सिनसारखा जीवघेणा वायू निघू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवी. आमच्या ओळखीच्या एका घरात अंगणात बॅटऱ्या फोडून वितळवायचे. आता ते घर ते काम करत नाही, पण त्या अंगणातली माती तशीच आहे आणि तिथे अजून पोरं खेळतात. हे लिहितानाही मला त्रास होतो.

आता पाणी. चेंदणी कोळीवाड्यात माझे थोरले काका ओतायला बसले की मला शेगडीजवळ येऊ देण्याआधी माझे हात स्वतःच्या पंच्याला पुसायचे. "पानी बघ आधी, मग जाळ," एवढंच म्हणायचे. तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच करतो. मग विशीत एकदा मी एकट्याने जुन्या पागाची शिसं वितळवायला घेतली. दोन दिवस उन्हात ठेवलेली, हाताला कोरडी ठणठणीत. पहिली ओंजळ थंड कढईत टाकून तापवली, ती व्यवस्थित वितळली. दुसरी मी सरळ तापलेल्या रसात सोडली. त्यातल्या एका वजनाच्या भोकात खाडीचा चिखल अडकून वरून सुकला होता, आत ओल राहिली होती. ठप्प असा आवाज झाला आणि अर्धी कढई हवेत उडाली. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सतराशेपट जागा मागते, आणि ती जागा तिने शिसं उडवून घेतली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. डाव्या मनगटावर चिंचोक्याएवढा डाग आहे, तो त्या दिवसाचा.

तेव्हापासून माल कायम थंड कढईत भरतो आणि हळूहळू तापवतो. मधे भर घालायची झाली तर तुकडे आधी कढईच्या काठावर ठेवून शेकवून घेतो. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जाड पँट, चामड्याचे बूट, चामड्याचे हातमोजे, चष्मा. घाम रसात टपकू नये म्हणून कपाळाला फडकं बांधतो. आणि जून ते सप्टेंबर शिसं ओतणं बंद. ठाण्याचा पाऊस पत्र्याच्या कुठल्या भोकातून कुठे टपकेल याचा भरवसा नसतो.

ओतायचा क्षण मात्र बघण्यासारखा असतो. आधी तुकड्यांच्या कडा झिजल्यासारख्या होतात, मग एकदम सगळं खाली बसतं आणि कढईत आरसा तयार होतो. त्यावर लगेच करडी साय धरते. मेणबत्तीचा एक तुकडा आत टाकायचा (चेहरा लांब, भपकन जाळ होतो) आणि पळीने तळापासून ढवळायचं. सायीतलं बरंचसं शिसं परत रसात जातं, उरते ती काळी मळी. ती काढून झाकणाच्या डब्यात टाकायची. अँगल शेगडीजवळ ठेवून गरम झालेला असतो, त्याला आतून दिव्याची काजळी धरलेली असते. मग पळी पन्हळीच्या अगदी जवळ नेऊन न थांबता एका धारेत ओतायचं. पट्टीवर सुरकुत्या पडल्या तर रस किंवा साचा थंड होता. पट्टी दाणेदार, पांढुरकी निघाली किंवा कढईत निळी-जांभळी झाक दिसायला लागली तर आच जास्त झाली, शेगडी कमी करा. निवलेली पट्टी अँगल उलटा केला की आपणहून गळून पडते, शिसं लोखंडाला चिकटत नाही. मग रुळाच्या तुकड्यावर ठोकून चपटी करायची, छिन्नीने दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे आणि दोरीभोवती वळवायचे. माझ्या पागाला साडेतीन किलो लागतं. ऐकायला खूप वाटतं, पण किलोभर शिसं जेमतेम ८८ मिलिलिटर, कटिंग चहाच्या एका ग्लासात मावेल एवढंच भरतं.

धुराची भीती सगळे विचारतात, हाताची कोणी विचारत नाही. आच बेताची असेल तर शिशाची वाफ फारशी होत नाही. मोकळ्या जागेत, वारा पाठीवर घेऊन बसलात की तेवढ्यापुरतं भागतं. अंगात जातं ते मळीच्या धुळीतून आणि बोटांना लागलेल्या काळ्यातून. विडी नाही, चहा नाही, तंबाखू तर नाहीच. काम संपलं की साबणाने कोपरापर्यंत हात, मग आंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे. जागा झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, तीही शेगडी आणि कढई पूर्ण निवल्यावर. पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात आणि जागतिक आरोग्य संघटना रक्तातल्या शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाही. म्हणून घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि तुमच्याकडे गॅलरीखेरीज जागा नसेल, तर माझं उत्तर सरळ आहे: ओतू नका, तयार वजनं विकत घ्या. त्या चार पैशांसाठी हे करण्यासारखं नाही. मी स्वतः दरवर्षी रक्तातलं शिसं तपासून घेतो.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, पण मला सांगायचीच आहे. आपल्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य मिळालं, २०२२ मध्ये रामसरचा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय) दर्जा मिळाला. पक्षी दाणे दळायला खडे गिळतात आणि त्यात शिशाचे बारीक तुकडेही गिळतात. इंग्लंडने हंस मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या छोट्या शिशांवर बंदी आणली. पागाचं शिसं दोरीला घट्ट असतं, पण गळाचं वजन तुटून चिखलात राहतं. म्हणून गळवाल्यांना मी हल्ली लोखंडी नट बांधून बघायला सांगतो. ते शिशापेक्षा आकाराने मोठं होतं, प्रवाहात थोडं सरकतं, पण तुटलं तर नुसतं गंजून जातं.

पागाला काय करायचं ते अजून शोधतोय. बारीक लोखंडी साखळी लावून एक पाग केलाय. तो परातीसारखा गोल उघडतो, पण तळाला जायला उशीर लावतो, आणि तेवढ्यात बोय मासा निसटतो. पुढच्या उधाणाला साखळी दुहेरी करून बघणार आहे. विटाव्याला भेटलात तर हातात घेऊन बघा.