सहाशे बारा कीवर्ड आणि चाटी गल्लीतलं दुकान

सोलापुरात चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गल्ला अण्णा बघतात, वेबसाइट मी. गेल्या उन्हाळ्यात ठरवलं, की साइटवर काय लिहायचं ते मनाला येईल तसं नको. लोक गूगलवर कोणते शब्द टाकून शोधतात, म्हणजे कीवर्ड, ते आधी गोळा करायचं, त्यावरून विषय पाडायचे आणि मगच लिहायला बसायचं.

गोळा करणं अवघड गेलं नाही. सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गूगलवर कोणत्या शब्दांना दिसते ते सांगणारं गूगलचं साधन. त्यात मागच्या १६ महिन्यांचे शब्द मिळतात, पण तिथून थेट उतरवून घेताना १,००० ओळींच्या पुढे जाता येत नाही. गूगलच्या जाहिरातदारांसाठी असलेल्या कीवर्ड प्लॅनरमधून आणखी काढले. आमची जाहिरात चालू नसल्यामुळे तिथे एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो याचा नेमका आकडा न दिसता '१०० ते १ हजार' असा ढोबळ पट्टाच दिसायचा. गूगलच्या चौकटीत टाइप करताना खाली सुचतात ते शब्द घेतले आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्नही घेतले. दुबार ओळी काढल्यावर शीटमध्ये ६१२ उरल्या.

चूक पुढे झाली. मी शब्द बघून वाटणी केली. 'चादर' असलेले एकीकडे, 'टॉवेल' असलेले दुसरीकडे. त्यात इंग्रजीत लोक सोलापुरी लिहितात, शोलापुरी लिहितात, चादरला एक डी लावतात, दोन लावतात. मला वाटलं, प्रत्येक स्पेलिंगला स्वतंत्र पान हवं. तशी तीन पानं केली, तीनही मनापासून लिहिली. दोन महिन्यांनी सर्च कन्सोल उघडलं तर एकाच शब्दासाठी गूगल कधी हे पान दाखवतंय, कधी ते, आणि वर एकही सरकत नाही. आमचीच पानं एकमेकांच्या आड येत होती. स्पेलिंगचा फरक गूगल स्वतःच ओळखतं, त्यासाठी वेगळ्या पानांची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात मोहोळकडचं एक जोडपं दुकानात आलं. "टॉवेल दाखवा," म्हणाले. अण्णांनी हात वर न करता विचारलं, "आहेराला पाहिजेत का वापरायला, पाव्हणं?" आहेराला म्हटल्यावर पातळ, डझनाने बांधलेले गठ्ठे निघाले, जोडीला टोप्या. वापरायला म्हटले असते तर जाड टेरी टॉवेलचा रॅक. दुकानात हे दोन माल कधीच एका फळीवर ठेवत नाहीत. माझ्या शीटमध्ये मात्र दोन्ही 'टॉवेल' या एकाच ढिगात पडले होते.

मी शीटमध्ये 'कशासाठी' नावाचा कॉलम टाकला आणि ६१२ ओळी पुन्हा वाचल्या. विकत घ्यायला, घाऊक भाव काढायला, धुवायचं कसं ते बघायला, खरा माल ओळखायला, आहेराला. बऱ्याच ओळी पटापट लागल्या. जिथे शंका आली तिथे एक ताळा ठेवला: ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत (म्हणजे आपल्या जुन्या शोधांची छाप पडत नाही) दोन्ही शब्द शोधायचे, पहिले दहा निकाल शेजारी शेजारी ठेवायचे. चार किंवा जास्त दुवे सारखे निघाले तर दोन्हींना एक पान, नाहीतर वेगळं. हे करून देणारी साधनं मिळतात, पण मी हातानेच केलं, आणि पहिल्यांदा हातानेच करावं असं मला वाटतं. निकाल डोळ्यांखालून गेल्याशिवाय माणूस काय शोधतोय ते कळत नाही.

'चादर धुण्याची पद्धत' आणि 'चादरीचा रंग जाऊ नये म्हणून काय करावं' यांचे निकाल जवळजवळ तेच निघाले, म्हणून एकच पान. 'सोलापुरी चादर किंमत' आणि 'सोलापुरी चादर होलसेल' मी एकत्र धरले होते. पहिल्याला शॉपिंगच्या मोठ्या साइट्स आल्या, दुसऱ्याला व्यापाऱ्यांच्या याद्या. ते वेगळे केले. नुसता 'चादर' हा शब्द तर सोडूनच दिला. त्यात लडाखचा चादर ट्रेक येतो, दर्ग्यावर चढवायची चादर येते. आणि देवनागरीत विचारलं की निकाल निराळे, रोमनमध्ये निराळे. म्हणून महत्त्वाच्या पानांचा मराठी आणि इंग्रजी असा जोड केला आणि ती एकमेकांना एचरेफलँगने, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या खुणेने, बांधली.

शेवटी नऊ विषय आणि ४१ पानं ठरली. प्रत्येक विषयाला एक मोठं पान, बारकावे सांगणारी छोटी पानं त्याला जोडलेली. माझ्या सगळ्यात जवळचा विषय 'अस्सल चादर कशी ओळखायची' हा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावाने दुसरीकडचा माल सर्रास विकला जातो. जॅकार्डची वीण, उलट्या बाजूला दिसणारी नक्षी हे मी फोटो काढून, बोट ठेवून दाखवलं.

आहेराच्या शब्दांना प्लॅनरमध्ये आकडा जवळजवळ नव्हताच. ते काढून टाकावेत असं एकदा मनात आलं. पण व्हॉट्सॲपवर लग्नसराईत रोज तोच प्रश्न येतो: दोनशे माणसांना किती डझन घ्यायचे, टोपी सोबत मिळेल का. मी तो विषय ठेवला, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात म्हणून पान सप्टेंबरमध्येच चढवलं. नवं पान गूगलमध्ये स्थिरावायला वेळ लागतो.

स्पेलिंगची तीन पानं एकत्र करून जुन्या दोन पत्त्यांवर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे उरलेल्या पानाकडे नेणारं कायमचं वळण, लावलं. दीड महिन्यात गूगल एकाच पानावर थांबलं.

आहेराचं पान चढवण्याआधी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "डझनाचा गठ्ठा किती मोठा होतो ते लिही. बाहेरगावचा माणूस एसटीने नेतो." ६१२ ओळींत हे कुठेच नव्हतं. मी टेप घेऊन गठ्ठा मोजला आणि ती ओळ पानाच्या वरच्या भागात घातली.