मनमाडचे दोन तास

गुरुवार, रात्री

नाशिकहून रेल्वेनं येवल्याला दिवसाची सहल, मनमाडला दोन तास थांबून गाडी बदलायची, असा बेत ग्रुपवर टाकला आणि वहिनींचं पहिलं उत्तर आलं, "मनमाडला दोन तास करायचं काय?" खाली हसरे चेहरे. मग सतीश: "त्यापेक्षा गाडी काढू की. निफाड-विंचूर करत दोन तासांत येवला." विषय संपला. खालचं काही कुणी वाचलंच नाही.

सतीश चुकत असता तर सोपं होतं. नाशिक-येवला रस्त्यानं 80-85 किलोमीटर, त्यामुळे त्याचे दोन तास खरेच आहेत. रेल्वेनं नाशिकरोड ते मनमाडच 73 किलोमीटर, तिथून दौंडच्या लाइनीवर गाडी बदलून येवला. शिवाय नाशकातल्या पंचवटीतून नाशिकरोड स्टेशनला पोचायला पाऊण तास वेगळाच. घड्याळ लावलं तर मी हरले. मग राग कशाचा आला, तेच कळत नाहीये.

मुळात नाशिकची रेल्वे मुंबईकडे तोंड करून बसलीय. पंचवटी एक्सप्रेस सकाळी मनमाडहून मुंबईला जाते आणि रात्री परत येते. चाकरमान्यांसाठी छान, पण पूर्वेकडे दिवसाची सहल काढणाऱ्याला तिचा जाताना काही उपयोग नाही. आपल्याला धरायची ती मुंबईहून मागून येणारी गाडी, आणि ती वेळेवर येईलच असं धरून बेत आखायचा नसतो. शिर्डीची वंदे भारत याच लाइनीनं येवल्यावरून जाते, पण थांबत नाही. मनमाड-दौंड लाइन 1878 सालची. दीडशे वर्षं होत आली, तरी येवल्याला थांबणारी सोयीची गाडी शोधायला वेळापत्रक पालथं घालावं लागतं. एक गेली की पुढची कित्येक तासांनी. मनमाडला चाळीस मिनिटांचा जोड ठेवला आणि पहिली गाडी लासलगाव किंवा समिट स्टेशनात दुसरीला पुढे सोडायला उभी राहिली, की येवला बोंबललं. म्हणून दोन तास. ते मी आळसानं सोडलेले नाहीत, उलट सगळ्या बेतात विचार करून ठेवलेली तेवढीच एक गोष्ट आहे.

हे ग्रुपवर कसं सांगायचं? सांगितलं की आपणच कटकटे ठरतो. आई असती तर... असो.

तिकिटाचंही त्या दोन तासांवरच अडतं. 200 किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. मध्ये उतरून गावात फिरायची मुभा 500 किलोमीटरच्या पुढच्या तिकिटाला. नुसती गाडी बदलायची असेल तर थेट येवल्याचं तिकीट चालतं. पण मनमाडला स्टेशनबाहेर पडायचं, गुरुद्वाऱ्यात लंगरला बसायचं, तर सरळ दोन तिकिटं: एक मनमाडपर्यंत, दुसरं तिथे. मोबाइलचं पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात निघत नाही, ते आधी बाहेरच काढायचं, नाहीतर खिडकी. स्क्रीनशॉट चालत नाही आणि ते रद्दही होत नाही. गाडीचा नंबर 12, 20 किंवा 22 नं सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट, सेकंड क्लासला 15 रुपये सरचार्ज. तो भरला नसेल तर टीसी सोडत नाही. जनरलचे डबे बहुतेक पुढे-मागे टोकाला, म्हणून जिन्यापाशी उभं राहायचं नाही.

परत बघते तर यातलं एकही वाक्य दोन तासांवाचून उभं राहत नाही. वहिनींना ते रिकामे दिसले. मला तर तेवढेच भरलेले वाटतात.

आणि येवल्यात असं काय आहे, हेही कुणी विचारलं नाही. मी मात्र उत्तर तयार ठेवलं होतं. 1857 चे तात्या टोपे इथले. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती जागा, मुक्तिभूमी. पैठणी तर सगळ्यांना माहीत, पण माग चालताना बघायचा तर सकाळी, विणकर बसलेला असताना. घेताना पदर उलटा करून बघायचा. हातमागावरचा मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, पॉवरलूमला मागे सुटे धागे लोंबतात. संक्रांतीत जायचं तर भोगीपासून तीन दिवस गाव गच्चीवर, हातात आसारी, म्हणजे मांजाची चरखी. तेव्हा दुचाकी नकोच, मांजा गळ्याला लागतो. अनकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी रेल्वेतूनच बघायची. किल्ला आणि गाव एका दिवसात कोंबलं की दोन्ही अर्धवट, आणि टंकाईची जैन लेणी घाईत बघायची नव्हेत.

येताना रेल्वेचा हट्ट मीसुद्धा धरलेला नाही. येवल्याहून मनमाडला एसटी किंवा काळी-पिवळी, आणि मनमाडहून नाशिकरोडला संध्याकाळी बऱ्याच गाड्या. उत्तरेकडून येणाऱ्या तासन् तास लेट असतात, पण एक लेट झाली तर दुसरी मिळते. नगरसूलला थांबणाऱ्या नांदेडच्या गाडीनं जाऊन तिथून रिक्षानं येवला, हाही एक मार्ग आहे. त्यात मनमाडचे दोन तास वाचतात. तो मी ग्रुपवर टाकला नाही. टाकणारही नाही.

एवढं लिहून झाल्यावर हसू येतंय. दोन तास मलाच हवे आहेत. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी तिकिटाचे नियम साक्षीला बोलावले.

आत्ताच ग्रुपवर लिहिलं: तुम्ही गाडीनं या, मी रेल्वेनं येते, दुपारी मुक्तिभूमीपाशी भेटू, येताना मागची एक सीट माझी. पिशव्या मांडीवर घेईन.

सतीशनं लगेच अंगठा दाखवला. मग विचारलं, "येवल्यात पार्किंग कुठं गं?"