आईचा पेसमेकर आणि अकरा तास अडलेली सही

आई देवघरासमोर चक्कर येऊन खाली बसली तेव्हा तिची नाडी ३८ होती. रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, "कंप्लीट हार्ट ब्लॉक आहे, आत्ताच्या आत्ता न्या." म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ठोक्याचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. तिसऱ्या दिवशी पेसमेकर बसला. कॅथलॅब, आयसीयू, विम्याचे कागद, काहीच अडलं नाही. डॉक्टर आणि सिस्टर तर इतके चांगले होते की अजून आई त्यांची आठवण काढते. अडलं ते घरी यायच्या दिवशी, चार पानी फॉर्मवर. त्याला चार महिने झाले, पण माझा राग गेलेला नाही.

सकाळी दहाला डॉक्टरांनी सुट्टी लिहून दिली. बिलाच्या खिडकीवर फाइलीत पेसमेकरच्या डब्यासाठी संमतीचा एक इंग्रजी फॉर्म लावलेला होता. पेसमेकरबरोबर घरी न्यायला एक डबा मिळतो. तो पलंगाशेजारी ठेवायचा, रात्री तो छातीतल्या यंत्राशी रेडिओ लहरींनी बोलतो आणि माहिती मोबाईल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. डॉक्टर ती तिथून बघतात. सोय खरोखर मोलाची आहे: बॅटरी उतरली, तार सरकली किंवा ठोक्यांची लय बिघडली तर पुढच्या तपासणीची वाट बघावी लागत नाही. मला डबा हवाच होता.

तिसऱ्या पानावर मात्र लिहिलं होतं की ही माहिती कंपनी आणि तिच्याशी संबंधित संस्था संशोधनासाठी, उत्पादन सुधारण्यासाठी आणि "इतर कारणांसाठी" वापरू शकतील. कुठे खूण करायला चौकट नाही. शेवटी एकच सही, आणि ती सगळ्याला लागू.

मी विचारलं, डॉक्टरांपुरती परवानगी देता येईल का? खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मैडम, ये तो फॉर्मेट है. सब साइन करते हैं." मग दुसऱ्या खिडकीवर, तिथून पहिल्या मजल्यावर, तिथून परत खाली. सही नाही म्हणून फाइल पुढे जाईना, फाइल नाही म्हणून डिस्चार्ज होईना. बारा वाजले, दोन वाजले. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद. आई व्हीलचेअरवर, डावा हात गळ्यातल्या झोळीत. तिला बसवत नव्हतं, आणि सही करून मोकळं व्हावं असं माझ्या मनात तीनदा आलं.

तेवढ्यात कुणीतरी सुचवलं, "आपके भैया से करवा लीजिए." तिथे माझं डोकं फिरलं. भाऊ पुण्यात. आई तीन फुटांवर बसलेली, पूर्ण शुद्धीत. तिने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. यंत्र तिच्या छातीत, ठोके तिचे, आणि सकाळपासून तिला एकानेही काही विचारलं नव्हतं. खरं सांगते, तोवर मीही विचारलं नव्हतं. मग मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि तिसरं पान मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना दिसू दे. बाकीच्यांना कशाला?" एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही चार तास वणवण केली होती.

चारच्या सुमारास कोऑर्डिनेटर आले. माणूस सभ्य होता. म्हणाले, "माताजी को कोई चिप थोड़ी लगाई है, जो आप इतना घबरा रही हैं." हे वाक्य मला अजून टोचतं. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी हौसेने हातात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून घेतली, २०१७ पासून तिथल्या रेल्वेत ती तिकीट म्हणूनही चालली. त्या चिपला बॅटरी नसते. ती वाचणारं यंत्र, म्हणजे रीडर, अगदी जवळ नेला तरच ती बोलते, तेही थोडंसंच, बहुतेक वेळा फक्त एक क्रमांक. तरी तेवढ्या दाण्यावरून जगभर वाद झाला, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००६ सालीच कायदा केला की कोणालाही अशी चिप बसवून घ्यायची सक्ती करता येणार नाही. आईचं यंत्र किती तरी जास्त सांगतं: हृदय किती वेळा आपणहून चाललं, किती वेळा यंत्राने चालवलं, दिवसभरात शरीराची हालचाल किती झाली. ओहायोमध्ये २०१७ साली एका माणसावर स्वतःचं घर जाळल्याचा आरोप ठेवताना पोलिसांनी त्याच्याच पेसमेकरची नोंद पुरावा म्हणून वापरली, आणि न्यायाधीशांनी ती चालू दिली. तेव्हा चिप आणि पेसमेकर यांत मला फरक एवढाच दिसतो की हातातली चिप नको म्हणता येते. आईला पेसमेकर नको म्हणायची सोय नाही. म्हणून तर त्याच्या माहितीवर तिचा शब्द जास्त चालायला हवा.

मी त्यांना डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ दाखवला. संमती ठरावीक कामापुरती आणि बिनशर्त हवी, ती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा, असं त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. ते म्हणाले, अभी लागू कहाँ हुआ है. त्यात तथ्य होतं: नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत मिळाली. पण सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल कधीपासूनच लागू आहे. एक बाई भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती, न्यायालयाने ती संमती धरली नाही. सज्ञान रुग्णाची संमती तिचीच लागते. हे ऐकल्यावर भावाच्या सहीचा विषय बंद झाला. फॉर्म मात्र तसाच.

रात्री नऊला आम्ही डब्याशिवाय घरी आलो. "डबा नाकारला" असं आईच्या नावाने लिहायला लावत होते. मी ते खोडून "फक्त उपचारासाठी मान्य, इतर वापर अमान्य" असं लिहिलं आणि खाली आईने सही केली. त्या कागदाचा फोटो काढून ठेवला, तोच पुढे कामी आला. तुमच्यावर वेळ आली तर तोंडी वाद घालत बसू नका, नकार लिहून द्या आणि त्याची प्रत घ्या.

कंपनीला तो फोटो जोडून मेल केला, उत्तर यायला तीन आठवडे लागले. उत्तरासोबत फॉर्म आला आणि मी तो हातात धरून बसूनच राहिले: त्यात दोन चौकटी होत्या! एक उपचारासाठी, एक इतर वापरासाठी. असा फॉर्म मुळात होताच, रुग्णालयाने सोयीसाठी दोन्ही एकत्र करून छापला होता. दुसऱ्या दिवशी आईने पहिल्या चौकटीत खूण केली, दुसरी रिकामी ठेवली, आणि डबा घरी आला.

शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, आता तू कुठे जातेस ते सरकारला कळणार का. नाही कळणार, या यंत्रात जीपीएस नसतं. मोबाईल मात्र शर्टाच्या खिशात त्या बाजूला ठेवू नये, यंत्रापासून सहा इंच तरी लांब असावा. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं, कारण पहिल्याच आठवड्यात आई वरच्या फळीवरची बरणी काढायला गेली होती. पेसमेकरचं ओळखपत्र सतत जवळ हवं. आम्ही पुण्याला जाताना विमानतळावर ते दाखवलं, त्यांनी हाताने तपासणी केली.

आणि एक. डब्याची नोंदणी करताना मोबाईल नंबर रुग्णाचाच द्या, स्वतःचा नको. संमती मागे घ्यायची झाली तर ओटीपी त्याच नंबरवर येतो. मी घाईत माझा दिला होता. आईने फॉर्म बघितला, तो खोडला आणि स्वतःचा लिहिला.