डिस्क बदलण्याआधी डेटा बाहेर

घरच्या स्टोरेज सर्व्हरमधील एका डिस्कच्या ‘स्मार्ट’ अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा, म्हणजे साठवणीच्या छोट्या तुकड्यांचा, आकडा वाढू लागला, तेव्हा सर्व्हरने सुचवलेला उपाय सरळ होता: डिस्क बदला आणि रेडची, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा करणाऱ्या मांडणीची, पुनर्बांधणी करा. हा सल्ला चुकीचा नाही, परंतु बाहेर पूर्ण बॅकअप नसेल तर ती पहिली पायरी असू नये, असे माझे ठाम मत आहे. पुनर्बांधणीसाठी उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि एकाच वेळी विकत घेऊन एकाच डब्यात तितकेच तास फिरलेल्या डिस्क बहुधा सारख्याच थकलेल्या असतात. एकाच डिस्कचा बिघाड सोसू शकणाऱ्या रेड ५ मध्ये नेमक्या त्याच वेळी दुसरी डिस्क बंद पडली, तर सगळेच हातचे जाते. म्हणून आधी डेटा बाहेर काढावा आणि डागडुजीचा विचार नंतर करावा.

त्याआधी बिघाड नक्की कुठे आहे हे पाहणे आवश्यक आहे. ‘स्मार्ट’च्या तक्त्यात क्रमांक ५ म्हणजे खराब ठरल्याने राखीव जागेतून बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे निर्णय न झालेले संशयित सेक्टर आणि १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. हे तीन आकडे वाढत असतील तर डिस्कच खराब होत आहे. केवळ १९९ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा जोडणीचा असतो. मात्र स्वच्छ अहवाल पाहून निर्धास्त होऊ नये. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख ‘स्मार्ट’ संकेतांपैकी एकाचीही नोंद नव्हती. उलट पहिली स्कॅन त्रुटी (डिस्कचा पृष्ठभाग तपासताना आढळलेली चूक) दिसलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, अशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट होती.

आजारी डिस्ककडे किती वाचने शिल्लक आहेत हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे प्रत्येक वाचन हा खर्च समजावा. वेळापत्रकानुसार चालणारी स्क्रब (सर्व डेटा वाचून तपासणारी फेरी), फोटोंची लघुचित्रे बनवणारी सेवा, शोधसूची, डाउनलोड हे सर्व थांबवावे आणि सामायिक फोल्डर केवळ वाचण्यापुरते खुले ठेवावेत. फाइल सिस्टम दुरुस्त करणारी आज्ञा या अवस्थेत चालवू नये, कारण ती डिस्कवर लिहिते. सर्व्हर उगाच बंद करून पुन्हा सुरूही करू नये. थांबलेली जुनी डिस्क पुन्हा फिरेलच याची खात्री नसते.

मग प्रश्न येतो क्रमाचा, आणि माझ्या मते सर्वांत अधिक विचार इथेच करावा. सगळा डेटा एकाच आज्ञेत वर्णानुक्रमाने पाठवणे सोपे असते, पण तसे केल्यास पुन्हा मिळवता येतील असे चित्रपट आधी जातात आणि फोटो रांगेत मागे राहतात. स्वतः काढलेले फोटो, कागदपत्रांच्या प्रती, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या आणि सर्व्हरच्या सेटिंगची निर्यात केलेली फाइल यांना पहिला मान द्यावा. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइल उचलू नयेत. तो थांबवून किंवा त्याच्याच साधनाने निर्यात करून घ्यावा. गिगाबिट तारेवरून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट गेले तरी ४ टेराबाइटला दहा तास लागतात, आणि लहान फाइल पुष्कळ असतील तर त्याहून बरेच अधिक.

डिस्क अजून वाचली जात असेल तर आरसिंक हे फाइलींच्या प्रती पाठवणारे साधन पुरेसे आहे, कारण मध्येच जोडणी तुटली तरी पूर्ण झालेल्या फाइल ते पुन्हा पाठवत नाही. त्याचा नेहमीचा संग्रह-पर्याय परवानग्या आणि तारखा जपतो, पण हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावे) आणि विस्तारित गुणधर्म (फाइलला जोडलेली जादा माहिती) हवे असतील तर ते वेगळे सांगावे लागतात. गंतव्यस्थानी नको त्या फाइल पुसणारा पर्याय मात्र या कामात अजिबात वापरू नये: स्रोतावरील एखादे फोल्डर अचानक रिकामे दिसू लागले, तर तो पर्याय चांगली प्रतही रिकामी करून टाकेल.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी येथे एक खास अडचण आहे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टममध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते; म्हणजे केवळ ८५ चिन्हे. ईक्रिप्टएफएस ही एन्क्रिप्शनची प्रणाली वापरून नावांसकट एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये तर ही मर्यादा सुमारे १४३ बाइटवर येते. लांबलचक नावांच्या फाइल तेवढ्या मागे राहतात, म्हणून त्रुटींची नोंद वाचल्याशिवाय काम झाले असे मानू नये.

वाचताना डिस्क अडखळू लागली, तर फाइलींचा नाद सोडून जीएनयू डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा नकाशा-फाइलमध्ये नोंदवते आणि त्यांच्याकडे नंतर वळते. पुढची सर्व दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.

पडताळणीत एक पेच आहे. आरसिंक पाठवताना फाइल तपासते, पण नव्या डिस्कवर उतरलेले पुन्हा वाचून पाहत नाही. आणि दोन्हीकडचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) काढायचे तर जुनी डिस्क पुन्हा पूर्ण वाचावी लागते. माझा तोडगा असा, की अमूल्य फाइलींपुरते दोन्हीकडचे चेकसम जुळवावेत आणि बाकीच्यांची संख्या व आकार पाहावा. झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरणाऱ्यांचा हा भार हलका असतो, कारण तिथे प्रत्येक ब्लॉक वाचतानाच त्याचा चेकसम तपासला जातो.

नव्या प्रतीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी तयार होईपर्यंत जुन्या डिस्क, त्यांचा क्रम लिहून, तशाच बाजूला ठेवाव्यात. त्या टाकून देताना फक्त शून्ये लिहून भागत नाही: बदलून दिलेल्या जुन्या सेक्टरांपर्यंत ते लिखाण पोहोचत नाही. डिस्क आज्ञा मानत असेल तर तिचीच अंगभूत पुसण्याची आज्ञा द्यावी, आणि मानत नसेल तर तबकड्यांना आरपार भोके पाडावीत.