वसुलीच्या फोनला कागदाने उत्तर द्यावे

मी अनेक वर्षे एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी केली असल्यामुळे वसुली म्हणजे काय, हे मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूनेही ठाऊक आहे. निवृत्तीनंतर बेळगावच्या वडगाव आणि शहापूर भागातले ओळखीचे लोक मोबाइल आणि पाकिटे घेऊन माझ्याकडे येऊ लागले. कोणाच्या यंत्रमागाला काम नाही, कोणी हप्त्यावर टीव्ही घेतलेला असतो, तर कोणी ॲपवरून चटकन मिळालेल्या कर्जात अडकलेला असतो. या सर्वांना मी एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे व्यवहार फोनवरून काढून कागदावर आणावा. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु किती, कोणाला आणि कोणत्या आधारावर फेडायचे, हे फोनवरचा आवाज ठरवू शकत नाही.

मध्यंतरी वडगावातील एक ओळखीच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "काका, आज पाचच्या आत पैसे भरले नाहीत तर पोलीस येणार म्हणतात हो," असे म्हणत त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेली एक नोटीस दाखवली. वर अशोकस्तंभाचे चित्र होते, त्याखाली इंग्रजीत ठळक अक्षरांत लोकअदालतीचा उल्लेख होता, रक्कम लाल रंगात छापली होती आणि मध्यभागी अटक वॉरंटची धमकी होती. खटल्याचा क्रमांक कोठेही नव्हता, न्यायालयाच्या नावापुढे गावाचा पत्ता नव्हता आणि सहीच्या जागी एक मोबाइल क्रमांक होता. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. खटला दाखल होण्यापूर्वीच्या प्रकरणात तेथे जाऊन तडजोड करायची की नाही हे कर्जदाराच्या संमतीवर असते, आणि लोकअदालत कोणाला अटक करण्याचा आदेश देत नाही. मात्र तेथे तडजोड होऊन निवाडा झाला, तर त्यावर अपील होत नाही. म्हणून लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची खरी सूचना आली असेल तर जावे, पण पेलेल तेवढीच रक्कम मान्य करावी.

अटकेच्या भीतीबद्दल थोडे नेमकेपणाने बोलले पाहिजे, कारण "काही होत नाही" असे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात आणि तेही घातकच ठरतात. हप्ता थकणे हा मूळचा दिवाणी विषय आहे. तेवढ्यावरून पोलीस घरी येत नाहीत. परंतु कर्ज घेताना चेक दिला असेल आणि तो न वटता परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. त्याआधी धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते आणि ती मिळाल्यापासून रक्कम भरण्यासाठी १५ दिवस मिळतात. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परतला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खालीही असाच मार्ग धनकोला मोकळा असतो. म्हणून पोस्टाने आलेले पाकीट न उघडता परत पाठवू नये. लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणारी व्यक्ती, नेमल्याचे पत्र चेन्नईहून किंवा मुंबईहून आले, तरी त्यालाही मुदतीत उत्तर द्यावे. कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादावर हरकत घेता येते, आणि ती लेखीच घ्यावी.

फोन करणारा माणूस कोण, हा पुढचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने वसुलीचे काम कोणत्या एजन्सीकडे दिले आहे हे कर्जदाराला कळवायचे असते, आणि घरी येणाऱ्या माणसाजवळ ओळखपत्र व अधिकारपत्र असावे लागते. बँकेने काम बाहेर दिले म्हणून तिची जबाबदारी संपत नाही, हे १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने पुन्हा बजावले. थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, शिवीगाळ करू नये, चारचौघांत अपमान करू नये आणि नातेवाईक, मित्र किंवा संदर्भासाठी नाव दिलेल्या व्यक्तींना त्रास देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना विनातारण दिलेल्या छोट्या कर्जासाठी ही वेळ आणखी आखूड, म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. त्या कर्जाचा हप्ता दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागी घ्यायचा असतो; तेथे कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते.

आपल्याकडे जामीनदार आणि संदर्भासाठी दिलेले नाव यांत फार गल्लत होते. जामीनदाराने कागदावर सही केलेली असते आणि भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे कर्जदाराइतकीच असते. त्याला फोन आला तर एजन्सीने चूक केली असे म्हणता येत नाही. शेजारच्या मावशींचा नंबर मात्र केवळ ओळख पटवण्यासाठी दिलेला असतो. त्यांच्याकडे एक रुपयाही मागण्याचा अधिकार कोणाला नाही आणि कर्जाची माहिती त्यांना सांगणेही नियमात बसत नाही. निपाणीकडच्या विडी कामगार बायकांच्या गटांत सगळ्यांची घरे एकमेकींच्या ओळखीची असतात. तेथे हा नियम मोडला की थकबाकीपेक्षा बदनामीची भीती मोठी होते, आणि वसुलीवाल्यांनाही ते पुरते ठाऊक असते.

आता सीमाभागाची खास अडचण सांगतो. नोटीस इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येते, फोनवरचा माणूस कधी हिंदीत तर कधी पुण्याच्या मराठीत बोलतो, आणि खानापूर किंवा चिकोडी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्या कागदात काय आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. येथे भाषेचा वाद आणण्याची मुळीच गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेनेच वित्तसंस्थांना सांगितले आहे की कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा. मायक्रोफायनान्सचे कर्जकार्डही त्याच्या समजुतीच्या भाषेत द्यावे लागते. म्हणून मी लोकांना मराठीत एक साधे पत्र लिहून देतो. कर्ज मंजुरीचे पत्र, कराराची प्रत, आजपर्यंतचा खातेउतारा, दंडाचा स्वतंत्र हिशेब आणि एजन्सीचे अधिकारपत्र मला समजणाऱ्या भाषेत द्यावे, एवढीच मागणी त्यात असते. पत्र एजन्सीला न पाठवता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले असेल, तर त्या विक्रीचा कागदही मागावा.

खातेउतारा हाती आला की बरेच काही उलगडते. हाती पडलेली रक्कम आणि मंजूर रक्कम यांत प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा फरक दिसतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत दंड हा व्याजाचा वाढीव दर म्हणून लावता येत नाही आणि त्या दंडावर पुढे व्याजही चढवता येत नाही. उताऱ्यात तसे आढळले तर त्यावर बोट ठेवावे. विनातारण कर्जासाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ही मुदत संपण्याआधी कर्ज लेखी व सहीनिशी कबूल केले किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद केली, तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. "आत्ता निदान ५०० रुपये तरी टाका" या विनवणीमागे कधीकधी हेही कारण असते.

तडजोड करायची ठरली, तर कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक लिहिलेले पत्र आधी घ्यावे आणि पैसे त्या कर्ज खात्यातच भरावेत. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर किंवा त्याच्या हातात रोख मुळीच देऊ नयेत. भरल्यावर ना हरकत दाखला घ्यावा. कमी रकमेत मिटवलेले कर्ज सिबिल या पतमाहिती कंपनीच्या नोंदीत बंद असे न दिसता सेटल असे दिसते आणि पुढच्या कर्जाला ते आडवे येते, हे एजंट सहसा सांगत नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो अवश्य पाहावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सूक्ष्म कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला आणि त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्यानंतर सगळी कर्जे माफ झाली, असे सांगणारे मला भेटले. तसे झालेले नाही. नोंदणी न करता धंदा करणाऱ्या सावकारांवर त्याचा मुख्य रोख आहे आणि बँकेचे कर्ज त्यामुळे माफ होत नाही. धमकी किंवा मारहाण झाली, तर मात्र लगेच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फोनच्या वेळा, नंबर, रेकॉर्डिंग आणि पोचपावत्या जोडल्या तर तक्रारीला वजन येते. परंतु बेळगाव-निपाणी पट्ट्यात बराच व्यवहार पतसंस्थांचा असतो आणि पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा आधी संस्थेचा फलक नीट वाचावा. कर्नाटकच्या १९५९ च्या सहकार कायद्याखालील संस्था असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जावे. सौहार्द सहकारी संस्था असेल तर तिचा १९९७ चा वेगळा कायदा आहे. आणि फलकावर मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी संस्था, असे लिहिलेले असेल, तर संस्थेचे मुख्य कार्यालय कोल्हापुरात असो वा बेळगावात, तक्रारीचा अर्ज दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांच्या नावे करता येतो.